चादरघाटचे रहीमसाहेब

२० मार्च २०२२ ची रात्र आपल्या शाळेतल्या फुटबॉलवेड्या मुलांना नक्की आठवत असेल. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबाद एफसी आणि केरळ ब्लास्टर्स यांचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, पेनल्टींची वेळ आली आणि आपल्या संघाचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन पेनल्टी अडवून चषक हैदराबादला मिळवून दिला. त्या मोसमात सर्वाधिक, म्हणजे अठरा गोल करणारा खेळाडू होता बार्थोलोम्यू ओगबेचे. नायजेरियात जन्मलेला, कोवळ्या वयात पॅरिसच्या क्लबात गेलेला, युरोपातल्या कितीतरी गावांचे पाणी प्यालेला हा आघाडीपटू कारकिर्दीच्या उत्तरार्धात आपल्या शहरासाठी खेळला. आपल्या मैदानावर तेव्हा पाचवी-सहावीची मुले ओगबेचे कोण होणार यावरून भांडत असत, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

मुलांनो, तो क्लब आता हैदराबादेत नाही. २०२५ साली तो दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. त्या वेळी काही मुले हिरमुसली होऊन आमच्याकडे आली होती. हैदराबादला चांगला फुटबॉल कधी नव्हताच का, असा त्यांचा एकंदर सूर होता. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही या अंकात एका माणसाचे चरित्र सांगत आहोत. दूरच्या देशातले खेळाडू आपल्या शहरात येतात ही अलीकडची गोष्ट झाली. एक काळ असा होता की आपल्या शहरातले खेळाडू न्यायला बाहेरचे बडे क्लब टपून बसलेले असत आणि ते खेळाडू घडवणारा माणूस आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर शिक्षक म्हणून नोकरी करीत होता. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. ते दिवस निजामी राजवटीचे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग सुरू झाला. रहीमसाहेब त्या विद्यापीठात शिकले आणि त्याच्या फुटबॉल संघातून खेळले. बी.ए. झाल्यावर त्यांनी शिक्षकी पत्करली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिकवले. मधल्या काळात शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि शेवटच्या दोन शाळांत खेळांची जबाबदारी सांभाळली. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर ते पी.टी.चे सर होते.

काचीगुडा आणि चादरघाट ही नावे वाचून आपल्या पालकांपैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर आपापले घर उभे राहिले असेल. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा हा आपल्या मराठी मंडळींच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीचा भाग. ज्या रस्त्यांवरून आपले आजोबा-पणजोबा शाळेत, कचेरीत, वाचनालयात जात-येत होते त्याच रस्त्यांवर हे शिक्षक राहत-वावरत होते. तरीही आपल्या घरांत क्रिकेटपटूंची नावे जितकी घेतली गेली तितके रहीमसाहेबांचे नाव घेतले गेले नाही. यात दोष कोणाचा, हे ठरवण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

खेळाडू म्हणून रहीमसाहेब वाईट नव्हते. स्थानिक लीगमध्ये कमर क्लबसारख्या चांगल्या संघातून ते खेळले. पण त्यांचे नाव झाले ते खेळण्यामुळे नव्हे. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. सचिव म्हणजे पत्रव्यवहार आणि हिशेब पाहणारा माणूस अशी आपली कल्पना असते. रहीमसाहेबांनी सचिवपदाचा उपयोग वेगळाच केला. मुलांसाठी स्पर्धा भरवताना त्यांनी नियमच बदलून टाकले. एका स्पर्धेत खेळाडूने फक्त आपला कच्चा पाय वापरायचा. उजव्या पायाने खेळणाऱ्याला डाव्यानेच चेंडू मारावा लागे. दुसऱ्या एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवत पळायला बंदी होती. आला चेंडू की दिला सहकाऱ्याला.

यातली खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाला रोज सांगून त्याचा डावा पाय सुधारत नाही. तो कंटाळतो, आपण पाठ फिरवली की पुन्हा उजव्या पायाकडे वळतो. पण सामनाच असा ठेवला की जिंकायचे तर डावा पाय लागेल, तर मूल आपणहून शिकते. चेंडू घोळवण्याचेही तसेच. आपल्याकडे तेव्हा चारपाच जणांना चकवून एकट्याने पुढे जाणारा खेळाडू लोकांना फार आवडे. टाळ्या त्यालाच मिळत. रहीमसाहेबांना पाहिजे होता तो चेंडू झटपट पुढे सरकवणारा संघ. सांघिक खेळ म्हणजे काय यावर व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी तसा नियम केला. ही युक्ती ज्याने वर्ग सांभाळला आहे त्यालाच सुचावी, असे आम्हाला वाटते.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले आणि पुढची तेरा वर्षे, मृत्यूपर्यंत, ते त्यांच्याकडेच राहिले. पोलीस संघ म्हणजे श्रीमंत क्लब नव्हे. साध्या घरांतली मुले खेळाच्या जोरावर पोलिसांत नोकरीला लागत. ज्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची काळजी आहे तिथे महिन्याचा पगार ही मोठी गोष्ट होती. कलकत्त्याला मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन क्लबांचे राज्य होते. त्यांच्यामागे लाखो चाहते, पैसा आणि वर्तमानपत्रे होती. देशातला फुटबॉल म्हणजे कलकत्त्याचा फुटबॉल असेच समजले जाई.

अशा वेळी हैदराबादच्या पोलिसांनी मुंबईला जाऊन कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स करंडक जिंकला. १९५० साली जिंकला, १९५१ साली जिंकला आणि असा सलग पाच वर्षे, १९५४ पर्यंत, तो हैदराबादलाच येत राहिला. मुंबईची ही स्पर्धा तेव्हा देशातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी होती. दिल्लीचा ड्युरँड करंडकही या संघाने १९५०, १९५४ आणि १९५७ मध्ये जिंकला. १९६१ मध्ये आंध्र प्रदेश पोलीस या नव्या नावाने चौथ्यांदा जिंकला. १९५० च्या अंतिम सामन्यात मोहन बागान, १९५७ मध्ये ईस्ट बंगाल आणि १९६१ मध्ये पुन्हा मोहन बागान असे प्रतिस्पर्धी होते. एकदा योगायोगाने जमले असे म्हणता येईल, इतक्या वेळा नाही.

भारतीय संघाची धुराही याच काळात त्यांच्यावर आली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. शैलेन मन्ना कर्णधार होते. भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवले आणि अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलाच्या बळावर इराणवर मात करून सुवर्णपदक मिळवले. देश स्वतंत्र होऊन चार वर्षेही झाली नव्हती. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तर अडीच वर्षेच झाली होती, आणि इतक्यात त्या शहरातला एक शाळामास्तर भारताच्या संघाला शिकवत होता.

पण लगेच पुढच्या वर्षी नाक कापले गेले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत असत. उन्हाळी, कोरड्या मैदानावर अनवाणी पायाने चेंडूवर जी हुकमत मिळते ती फिनलंडच्या थंडीत, बूट घातलेल्या धिप्पाड खेळाडूंसमोर काय कामाची? शिवाय आपल्या देशातले सामने तेव्हा नव्वद मिनिटांचे नसत, त्याहून कमी वेळाचे असत. शेवटच्या टप्प्यात आपली माणसे दमून जात. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. हा स्कोअर आम्ही मुद्दाम दिला आहे. मोठ्या माणसांच्या चरित्रातून असे आकडे गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण रहीमसाहेबांच्या पुढच्या चार वर्षांचे काम त्या दहा गोलांशिवाय समजत नाही.

त्या काळी जगात सर्वांत चांगला फुटबॉल हंगेरीचा. हेलसिंकीचे सुवर्ण त्यांनीच जिंकले. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरवले तेव्हा सगळे जग चकित झाले. त्यांची युक्ती मुलांना समजेल अशी सांगतो. सगळे संघ तेव्हा आपला सेंटर फॉरवर्ड प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ उभा करीत आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला समोरचा एक बचावपटू नेमलेला असे. हंगेरीने आपला सेंटर फॉरवर्ड मागे, मैदानाच्या मध्याकडे ओढला. आता त्या बचावपटूने काय करायचे? त्याच्यामागे धावत गेला तर गोलासमोर भगदाड पडते, जागेवर थांबला तर मागचा माणूस मोकळा सुटतो. हैदराबादेत बसलेल्या रहीमसाहेबांनी ही रीत अभ्यासली आणि आपल्या संघात आणली. दूरदर्शन नव्हते, चित्रफिती सहज मिळत नव्हत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या अभ्यासाचे मोल कळते. पुढे ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीपटू ही रचना गाजवली. त्या दिशेने रहीमसाहेब आधीच वळले होते, असे फुटबॉलचे अनेक जाणकार मानतात.

या अभ्यासाची परीक्षा मेलबर्नला झाली. १९५६ च्या त्या महिन्याला आपल्या समाजाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. १ नोव्हेंबरला भाषावार राज्यरचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले आणि आपण मराठी माणसे आंध्र प्रदेशाच्या राजधानीत राहिलो. औरंगाबाद-नांदेडचे नातेवाईक एका रात्रीत परराज्यातले झाले. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले आणि नाहीशा झालेल्या त्या राज्याच्या राजधानीतले कितीतरी खेळाडू भारताच्या संघात होते. नूर महंमद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, लतीफ, सलाम, झुल्फिकार, तुलसीदास बलराम अशी ती नावे. सैन्यातून आलेला गोलरक्षक पीटर थंगराज हाही मूळचा आपल्याकडचाच. पहिली फेरी न खेळताच पार पडली, कारण प्रतिस्पर्धी हंगेरी होता आणि सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरल्यानंतर हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. ज्यांच्याकडून धडा घेतला त्यांच्याशीच गाठ पडता पडता राहिली.

उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. मुंबईकडून खेळणारा, मूळ गोव्याचा नेव्हिल डिसूझा याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतरानंतर डिसूझानेच गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली! चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ आता त्याच प्रतिस्पर्ध्याच्या पुढे होता. ती आघाडी टिकली नाही, सामना ४-१ असा गेला आणि तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडूनही ०-३ अशी हार झाली. चौथा क्रमांक. पदक नाही मिळाले. तरीही ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला आशियातला पहिला संघ ठरला तो भारताचाच.

आता आम्ही सुरुवातीला टाकलेल्या मुद्द्याकडे येतो. या यशानंतर हैदराबादच्या खेळाडूंना बाहेरून बोलावणी येणे साहजिक होते. तशी ती आधीही येतच होती. सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुडा वस्तीतल्या एका गरीब तमीळ कुटुंबातला बलराम १९५७ मध्ये ईस्ट बंगालला गेला. तिथली भाषा निराळी, जेवण निराळे, पावसाळ्यात चिखलाने भरणारी मैदानेही निराळी. चार वर्षांनी, १९६१ मध्ये, तो त्या क्लबाचा कर्णधार होता. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम या तिघांची नावे भारतीय फुटबॉलमध्ये एका दमात घेतली जातात. फुप्फुसाच्या आजारामुळे त्याला ऐन पंचविशीत खेळ थांबवावा लागला, पण तो परत आला नाही. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा इथे त्याने आयुष्य काढले आणि २०२३ साली त्याचे निधन झाले.

थंगराजची कथाही ऐकण्यासारखी आहे. सहा फुटांहून उंच असा हा गडी सिकंदराबादच्या छोट्या क्लबांत आघाडीला खेळायचा. मद्रास रेजिमेंटमध्ये गेल्यावर गोलात उभा राहिला आणि पुढे आशियातला नामांकित गोलरक्षक झाला. सैन्य सोडल्यावर मोहमेडन स्पोर्टिंग, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या तिन्ही क्लबांचे गोल त्याने सांभाळले. युसूफ खानसारखे काही मात्र हैदराबादच्या पोलीस संघातच राहिले.

जाणाऱ्यांवर त्या काळी रागावणारेही होतेच. आपण शिकवायचे, आपण मोठे करायचे आणि ऐन उमेदीत दुसऱ्यांनी उचलून न्यायचे, अशी हळहळ कोणत्याही लहान गावाला वाटतेच. आफ्रिकेतल्या गावांना पॅरिस-लंडनच्या क्लबांबद्दल हेच वाटत असेल. आम्हाला विचाराल तर ज्या मुलाच्या घरी खायची भ्रांत आहे त्याने बाहेर जाऊन चार पैसे मिळवले तर त्याला बोल लावण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. आपल्या शाळेतूनही किती विद्यार्थी पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेले! मात्र एक गोष्ट खरी. खेळाडू जातो तेव्हा नवा खेळाडू तयार करता येतो. शिकवणारा गेला तर काय करायचे, याचा विचार हैदराबादेत कोणी केलेला दिसत नाही. रहीमसाहेब होते तोवर बलराम गेला तरी दुसरा कोणीतरी उभा राहत होता. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेतला संतोष करंडक हैदराबादने जिंकला तो त्यामुळेच.

१९६० च्या रोम ऑलिंपिकला भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीशी १-२ अशी हार, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी आणि पेरूशी १-३ अशी हार. कर्णधार पी. के. बॅनर्जींनी फ्रान्सविरुद्ध गोल केला, बाकीचे दोन्ही गोल बलरामचे. पुढच्या फेरीत जाता आले नाही, पण तीनही सामन्यांत कोठे लाजिरवाणे झाले नाही. संघातला एक तरुण खेळाडू रहीमसाहेबांचा मुलगा होता, सय्यद अब्दुल हकीम. त्याला एकाही सामन्यात मैदानात उतरायला मिळाले नाही. प्रशिक्षक वडीलच होते, एवढेच आम्ही सांगतो.

आणि मग जकार्ता. १९६२ च्या आशियाई स्पर्धांना जाईपर्यंत रहीमसाहेबांना कर्करोगाने गाठले होते. संघाची सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरवले. नंतर थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे नमवून गाडी रुळावर आली, पण थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग या पंजाबी बचावपटूच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले. गोलरक्षक थंगराज तापाने आजारी, त्याच्या जागी प्रद्युत बर्मन खेळत होता. बाहेरची हवा तर फारच बिघडली होती. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना स्पर्धेला येऊ दिले नाही याला भारताचे क्रीडाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली आणि जकार्तातले लोक भारतावर खवळले. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता.

उपांत्य सामन्यापासूनच रहीमसाहेबांनी एक धाडस केले होते. टाके घातलेल्या जर्नेलसिंगला बचावातून काढून त्यांनी चक्क सेंटर फॉरवर्ड केले. बचावपटूला चेंडू डोक्याने परतवण्याचे काम सतत असते, त्याचे डोके फुटलेले. पण धिप्पाड देह आणि जिगर शाबूत होती. मग त्याला अशा जागी ठेवायचे की त्याच्या धाकाने समोरचा बचाव विस्कटेल, हा हिशेब. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला. दोन गोल चुनी गोस्वामींचे आणि एक जर्नेलसिंगचा.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना जवळ बोलावले आणि आपल्याला एक भेट हवी आहे, उद्याचे सोने हवे आहे, एवढेच मागितले, असे त्या संघातले खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आजार सर्वांना ठाऊक होता. अधिक बोलण्याची गरज नव्हती.

४ सप्टेंबर १९६२. सेनायन स्टेडियममध्ये सुमारे लाखभर प्रेक्षक, बहुतेक सगळे भारताविरुद्ध. भारताचे खेळाडू दिसताच हुर्यो. त्या गोंगाटात भारताच्या बाजूने ओरडणारा एक छोटा घोळका होता, पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचा! समोर तोच दक्षिण कोरिया. थंगराज बरा होऊन गोलात परतला होता. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला आणि विसाव्या मिनिटाला डोक्याला टाके असलेल्या जर्नेलसिंगने दुसरा. कोरियाचा गोल झाला तो पाच मिनिटे उरली असताना. २-१. मैदानावर बलराम होता, युसूफ खान होता, थंगराज होता. हैदराबाद-सिकंदराबादची तीन पोरे, त्यांतली दोन बाहेर गेलेली, आणि बाकावर त्यांचे मास्तर.

आशियाई स्पर्धांतले फुटबॉलचे सुवर्णपदक भारताच्या पुरुष संघाला त्यानंतर आजपर्यंत मिळालेले नाही.

जकार्ताहून परतल्यावर रहीमसाहेबांची प्रकृती ढासळत गेली आणि ११ जून १९६३ रोजी वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांना कोणताही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तोच १९८५ मध्ये. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीने १९६५ साली आंध्र प्रदेशासाठी आणखी एकदा संतोष करंडक आणला. त्यानंतर हळूहळू शहराचे नाव मोठ्या स्पर्धांच्या यादीतून दिसेनासे झाले. भारताचा संघ १९६० नंतर ऑलिंपिक फुटबॉलला पात्रच ठरला नाही. त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले आणि गुरू म्हणून रहीमसाहेबांचे नाव घेत राहिले. मुलगा हकीम हवाई दलात गेला, पंच आणि प्रशिक्षक म्हणून त्याने नाव मिळवले. २०१७ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कलबुर्गी इथे त्याचे निधन झाले.

२०२४ मध्ये रहीमसाहेबांवर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. अजय देवगण यांनी त्यांचे काम केले. तो पाहून आलेली आठवीची काही मुले दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आली. चित्रपटातले सर खरेच हैदराबादचे होते का आणि ते कोणत्या शाळेत होते, एवढे त्यांना हवे होते. आम्ही त्यांना गॅलरीत नेले आणि चादरघाटच्या दिशेने बोट दाखवले. मग त्यांच्यातल्या एकाने, उजव्या पायाने खेळणाऱ्याने, त्या दिवशी पी.टी.च्या तासाला उरलेल्यांना फक्त डाव्या पायाने खेळायला लावले. त्या तासात एकही गोल झाला नाही, भांडणे मात्र भरपूर झाली. पुढच्या तासाला त्यांनी पुन्हा तोच खेळ मागितला.